देवाच्या गुणांना कात्री

देव सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे, परम दयाळू आहे. आणि तरीही जगात निष्पाप लेकरे तडफडून मरतात. ही चारही विधाने एकाच वेळी खरी कशी मानायची, हा धर्माच्या तत्त्वज्ञानातला सर्वांत चिवट प्रश्न. तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो. आपल्यापर्यंत तो पोचला लॅक्टॅन्शियस या चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकामुळे, आणि त्याने तो नोंदवला तोही खोडून काढण्यासाठी! तेव्हापासूनच्या उत्तरांचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट नजरेत भरते. जवळजवळ प्रत्येक उत्तर देवाच्या कुठल्या तरी गुणाला, नाहीतर दुःखाच्या खरेपणाला, कात्री लावते. म्हणून उत्तर तर्काला पटते का एवढेच पाहून भागत नाही; काय कापले गेले आणि ते कुणाच्या अंगावर आले, हेही पाहावे लागते.

संत ऑगस्टिनने कात्री दुःखाला लावली. त्याच्या मते अशुभ ही स्वतंत्र वस्तूच नव्हे. ते शुभाचे उणेपण आहे. लायब्निझने १७१० साली पुढचे पाऊल टाकले : शक्य असलेल्या सर्व जगांत देवाने उत्तमोत्तम जगच निवडले आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनची चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्र शहरात शिरला आणि उरलेले आगीने गिळले. व्होल्तेअरने आधी कवितेतून आणि मग १७५९च्या ‘काँदीद’मधून लायब्निझच्या या आशावादाची यथेच्छ टर उडवली. त्याच सुमारास मालाग्रिदा हा जेझुइट धर्मोपदेशक लिस्बनवासीयांना बजावत होता, की हा कोप तुमच्या पापांमुळे झाला आहे; नैसर्गिक कारणे शोधू नका, पश्चात्ताप करा. देवाचे तिन्ही गुण त्याने शाबूत ठेवले. दोष मात्र ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांच्या माथी गेला.

विसाव्या शतकात हा वाद तर्कशास्त्राच्या आखाड्यात उतरला. १९५५ साली जे. एल. मॅकी यांनी दावा केला, की ईश्वराचे गुण आणि अशुभाचे अस्तित्व यांत सरळ आत्मविसंगती आहे. आल्विन प्लँटिंगा यांनी उत्तर दिले : खरोखर स्वतंत्र माणसे निर्माण करायची आणि त्यांच्याकडून नेहमी चांगलेच करवून घ्यायचे, हे कदाचित सर्वशक्तिमानालाही साधणारे नसेल. या युक्तिवादाने तार्किक आरोपाची धार बरीच बोथट झाली, हे अनेक निरीश्वरवादीही मान्य करतात. पण १९७९ साली विल्यम रो यांनी प्रश्नाचा मोहरा बदलला. त्यांचे उदाहरण असे : दूरच्या जंगलात वणवा लागतो, त्यात होरपळलेले हरणाचे पाडस कित्येक दिवस तळमळून मरते. कुणी पाहत नाही, कुणी त्यातून काही शिकत नाही. इथे माणसाचे स्वातंत्र्य कुठे आले? ‘देवाची कारणे आपल्याला दिसणार नाहीतच’ असे म्हणता येते, आणि काही तत्त्वज्ञ तसे म्हणतातही. पण मग त्याची दया आपल्या ओळखीची राहत नाही.

इतर तत्त्वज्ञांनी उघडपणे देवाच्या शक्तीवरच पाणी सोडले. चार्ल्स हार्टशोर्न यांचा देव जगाला हुकूम देत नाही, चांगल्याकडे ओढ लावतो. ज्यांची आई ऑश्विट्झमध्ये मारली गेली त्या हान्स योनास यांनी तर म्हटले, की देव तिथे गप्प राहिला तो इच्छा नव्हती म्हणून नव्हे, सामर्थ्य नव्हते म्हणून.

भारतात हा प्रश्न वेगळ्या दारातून आला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर येणारे आक्षेप आहेत वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता. शंकराचार्यांचे उत्तर असे : पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पीक बीजाप्रमाणे येते; तसा ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, आणि कर्माची साखळी अनादी आहे. ईश्वर निर्दोष सुटला, पण स्वातंत्र्य गमावून. कर्मच फळ देणार असेल तर ईश्वर हवा कशाला, असे विचारायला मीमांसक आणि जैन टपलेलेच होते.

कर्माच्या या उत्तराची खरी किंमत मात्र जमिनीवर मोजली गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले संत चोखामेळा यांच्या नावावरच्या एका अभंगात आपला जन्म हे पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ असल्याचे येते. त्यांचा मुलगा कर्ममेळा ते मुकाट गिळत नाही. आपल्याला या जातीत का घातलेस, असा जाब तो विठ्ठलालाच विचारतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी नेमके याच जागी बोट ठेवले : पूर्वकर्माचा सिद्धान्त समाजाला दीनदुबळ्यांच्या जबाबदारीतून मोकळे करतो. १९३४च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेला विरोध असलेल्या रवींद्रनाथांनीही आक्षेप घेतला. ढिगाऱ्याखाली तर अस्पृश्यही होते.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याला सांगत राहतात, की तुझे काहीतरी चुकले असणार. ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो या मित्रांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. कांटने १७९१ साली अशुभाच्या सगळ्या तात्त्विक समर्थनांचे अपयश दाखवताना ईयोबाच्या प्रामाणिकपणालाच मान दिला. ईयोबाच्या भांडण्यात एक तर्कही दडलेला आहे. देव दुबळा मानला तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. निर्दय मानला तर न्याय मागण्यात अर्थ नाही. जाब विचारणाराच त्याचे सगळे गुण अखंड धरून असतो. कर्ममेळ्याचा देव म्हणूनच पंडितांच्या देवापेक्षा मोठा आहे. आणि ज्याला असा देव मानणे शक्य नाही, त्याच्यापुढे आंबेडकरांचा रस्ता उरतो : दुःखाचे कारण आभाळात न शोधता, जे माणसाने लादले ते माणसानेच दूर करायचे. दुःख भोगणाऱ्यालाच दोषी ठरवणारे उत्तर, ते कितीही तर्कशुद्ध असले तरी, या दोघांनाही मंजूर नाही.