मिजाजाची परीक्षा आणि दुकानाची भागीदारी

हल्ली मुले नोकरीच्या मुलाखतीला जातात तेव्हा त्यांच्यापुढे एक प्रश्नपत्रिका ठेवली जाते. तीत हिशेब नसतो, इंग्रजी व्याकरणही नसते. चारचौघांत बसायला तुम्हाला आवडते का, काम आधी ठरवून करता की वेळ पडेल तसे, असले प्रश्न असतात. उत्तरांवरून चार अक्षरे किंवा एखादा रंग काढून दिला जातो आणि सांगितले जाते की तुम्ही अमुक प्रकारचे माणूस आहात. व्यापाऱ्यांसाठी भरणाऱ्या प्रशिक्षण शिबिरांतही आता हे कागद आले आहेत. आम्ही असा एक कागद २०१६ साली भरला आणि त्याची किंमत दीड वर्ष मोजली. म्हणून हे कागद कोठून आले आणि त्यांवर किती भरवसा ठेवावा, हे व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडावेसे वाटले. आम्ही मानसशास्त्राचे पंडित नाही, कापडाचे व्यापारी आहोत. शिक्षण उर्दू माध्यमात झाले, तेव्हा मराठीत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस नवी नाही. आपल्या घरांत आजही कोणी चटकन तापला तर "त्याचा मिजाज सफरावी आहे" असे म्हणतात. ही भाषा युनानी तिब्बची. दम, बलगम, सफरा आणि सौदा असे शरीरातील चार खिल्त आणि त्यांवरून दमवी, बलगमी, सफरावी व सौदावी असे चार मिजाज. (मिजाजातला सौदा म्हणजे काळे पित्त, आपल्या धंद्यातला सौदा वेगळा, जरी दोन्हींनी झोप उडते.) बुकरात आणि जालिनूस या ग्रीक हकिमांकडून ही कल्पना अरबीत आली. १०३७ साली वारलेल्या इब्न सिना यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात ती सविस्तर मांडली. मालेगावच्या मन्सुऱ्यात युनानीचे कॉलेज आहे, तेथे मिजाज हा विषय आजही शिकवला जातो. खिल्तांवरून स्वभाव ठरतो हे आजचे मानसशास्त्र मानत नाही. तरी विसाव्या शतकात हान्स आयझेंक यांनी स्वभावाच्या दोन मोजपट्ट्या आडव्या-उभ्या मांडल्या, तेव्हा त्यांच्या चार कोपऱ्यांत हेच जुने चार मिजाज बसतात असे त्यांनी दाखवले होते.

आता त्या चार अक्षरांकडे येऊ. स्वित्झर्लंडचे डॉक्टर कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक ग्रंथ जर्मनमध्ये लिहिला. ज्याचे मन बाहेरच्या जगाकडे धावते तो बहिर्मुख आणि ज्याचे आत वळते तो अंतर्मुख, हे शब्द तेथूनच रूढ झाले. १९२३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि ते अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज या गृहिणीच्या हाती पडले. तिने व तिची मुलगी इझाबेल मायर्स हिने युंगच्या विचारांवरून प्रश्नांचा एक संच रचायला घेतला. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. मुलीने तर त्याआधी एक रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोणाला कोणते काम मानवेल हे ओळखता यावे या हेतूने हे काम पुढे गेले. चार जोड्या, प्रत्येक जोडीत दोन बाजू, म्हणून एकूण सोळा प्रकार. यालाच एमबीटीआय म्हणतात, आणि आज जगभर कंपन्या त्यावर पैसा खर्च करतात.

यात खोट कोठे आहे ते कापडाच्या भाषेत सांगतो. समजा दुकानात एकच नियम केला की ज्या थानाचा पन्हा पन्नास इंचांच्या खाली तो अरुंद, वर तो रुंद. मग ४९ पन्ह्याचे थान ३६ पन्ह्याच्या कपाटात जाईल आणि ५१ पन्ह्याचे ५८ च्या शेजारी बसेल. ४९ आणि ५१ मध्ये फरक दोनच इंचांचा, पण कपाटे वेगळी. माणसांचेही असेच आहे. पूर्ण बहिर्मुख किंवा पूर्ण अंतर्मुख माणसे थोडी, बहुतेक जण मध्यावर असतात. मध्यावरच कात्री चालवली तर सर्वांत जास्त माणसे चुकीच्या कपाटात पडणार. त्यामुळेच पाच-सहा आठवड्यांनी तीच परीक्षा पुन्हा घेतली तर पुष्कळांचे निदान एक अक्षर तरी बदलते. काही पाहण्यांत असे निम्म्यापर्यंत लोक निघाले. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे माप देणारा गज आपण गल्ल्याजवळ ठेवणार नाही.

मग लोकांना तो कागद इतका खरा का वाटतो? याचे उत्तर १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी दिले. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभाव-परीक्षा घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी सव्वाचारच्या वर आली. मग समजले की सर्वांना एकच वर्णन दिलेले होते आणि त्यातला बराचसा मजकूर रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. लोकांनी आपली कदर करावी असे तुम्हाला वाटते, तुमच्यात न वापरलेली ताकद आहे, वरून शांत पण आतून काळजी करता, असली वाक्ये कोणाला लागू पडत नाहीत?

आम्हालाही ती लागू पडली. आमच्या जिल्ह्याच्या गावी एका हॉटेलच्या सभागृहात दोन दिवसांचे शिबिर होते. आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ दोघे गेलो. दुकान अब्बांनी सुरू केलेले, निम्मे-निम्मे दोघांचे. खरेदी त्याच्याकडे, गल्ला आणि गिऱ्हाईक आमच्याकडे. कागद भरून झाल्यावर शिकवणाऱ्याने पंचवीस-तीस व्यापाऱ्यांदेखत सांगितले की मोठे भाऊ नेतृत्वाच्या प्रकारचे आहेत, बाहेरचे व्यवहार त्यांनीच करावेत. धाकटे अंतर्मुख आहेत, त्यांना आतले काम द्यावे, हिशेब वगैरे. आम्ही खूष झालो. भाऊ काही बोलला नाही. तो तसाही कमीच बोलतो. घरी येऊन आम्ही वाटणी फिरवली. भिवंडी, इचलकरंजीच्या फेऱ्या आमच्याकडे आल्या आणि वही त्याच्याकडे गेली.

खरेदीत आम्ही पुष्कळ बोललो, चहा प्यायलो, ओळखी वाढवल्या. त्या हंगामात सुती म्हणून उचललेल्या शर्टिंगच्या गठ्ठ्यांत भेसळ निघाली आणि रंगीत माल पहिल्या धुलाईत सुटला. गिऱ्हाइके परत आणून टाकू लागली. आमचा भाऊ खरेदीला जाई तेव्हा काय करी ते आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते. तो थानाच्या मधून एक ताणा आणि एक बाणा ओढून काढी आणि काडी लावी. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड घासून रंग पाही. दलाल बोलत राही आणि हा ऐकत राही, म्हणूनच त्याला भाव बरोबर मिळे. त्याचे कमी बोलणे हीच आमच्या दुकानाची पुंजी होती आणि आम्ही ती कागदाच्या सांगण्यावरून वहीत कोंडली.

माल बुडाला त्याचे दुःख नाही, हंगाम येतात आणि जातात. पण वर्षाने भाऊ म्हणाला, "भाईजान, माझा हिस्सा वेगळा करून द्या." कारण विचारले तर म्हणाला, "लोकांसमोर मी कमी ठरलो, ते चालेल. पण तुम्ही ते मानलेत. वीस वर्षे माल मी आणला, आणि मला एकदा विचारलेसुद्धा नाही." दुकान फुटता फुटता राहिले. अम्मी हयात होत्या, त्यांनी दोघांना समोर बसवले.

एमबीटीआय ज्यांची आहे ती मंडळी स्वतःच सांगतात की नोकरीवर घेण्या-न घेण्यासाठी तिचा वापर करू नये. ही गोष्ट शिबिरात आम्हाला कोणी सांगितली नाही.

मग स्वभाव मोजताच येत नाही काय? येतो, पण वेगळ्या रीतीने. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे अठरा हजार शब्द वेचले. त्यांचा विचार असा की जे माणसाला माणसाबद्दल सांगावेसे वाटते त्यासाठी भाषेत शब्द असतोच. पुढच्या संशोधकांनी सारख्या अर्थाचे शब्द एकत्र बांधत, गठ्ठ्यांचे गठ्ठे करत, शेवटी पाच मोजपट्ट्या काढल्या: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतेजुळतेपणा आणि चिंता. येथे कपाटे नाहीत, फक्त कमी-जास्त आहे. १९९१ सालच्या बॅरिक आणि माउंट यांच्या मोठ्या आढाव्यात असे दिसले की या पाचांतून जवळपास प्रत्येक धंद्यात उपयोगी पडतो तो काटेकोरपणा. बहिर्मुखता विक्री आणि व्यवस्थापनात थोडी कामाला येते. हे संबंधही फार घट्ट नाहीत, अंदाजापुरते आहेत. लुईस गोल्डबर्ग यांनी अशा प्रश्नांचा मोठा साठा सर्वांना विनामूल्य खुला केला आहे, तेव्हा शिबिराला हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

युंग यांची दुसरी कल्पना आदिबंधांची. जगातल्या कहाण्यांत काही साचे पुन्हा पुन्हा येतात: वीर, शहाणा वृद्ध, आई, कपटी विदूषक. छपाईचा ठसा एकच, कापड वेगवेगळे. दास्ताने अमीर हमजा ऐकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. अमीर हमजा वीर, बुजुर्गमेहर शहाणा वजीर, आणि झोळीवाला अमर अय्यार. आपल्या बाजारातही प्रत्येक गल्लीत एक अय्यार असतो. २००१ साली निघालेल्या एका अमेरिकन पुस्तकाने बारा आदिबंध जाहिरातींना लावले आणि तेव्हापासून साबणालाही वीर किंवा आई बनवू लागले. हे साचे सर्व माणसांच्या मनात जन्मतःच असतात असे युंग म्हणत. ते मोजून सिद्ध झालेले नाही. तरी त्यांतली एक गोष्ट आम्हाला पटली. ते 'छाया' म्हणतात ती, म्हणजे स्वतःतले जे पाहवत नाही ते माणूस दुसऱ्यात पाहतो आणि चिडतो. भावाच्या गप्प बसण्याची आम्हाला चीड येई. आम्हाला दोन मिनिटे गप्प बसता येत नाही, हे आम्ही कधी मोजले नव्हते.

२०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांत आणखी एक कामाची गोष्ट आहे. माणसाने स्वतःबद्दल भरलेल्या कागदापेक्षा, त्याला ओळखणाऱ्यांनी त्याच्याबद्दल भरलेल्या कागदावरून त्याच्या कामाचा अंदाज बरा येतो. आम्ही ती रीत घरात करून पाहिली. भावाचा मुलगा एका मुलाखतीहून चार अक्षरे घेऊन आला होता आणि त्यांवरून दुकानात बसायचे नाही असे ठरवून टाकत होता. त्याला म्हटले, महिन्याने पुन्हा भर. एक अक्षर बदलले. मग त्याच्याकडूनच त्या विनामूल्य प्रश्नांचे मराठी करून घेतले आणि रमजाननंतरच्या मंदीत एका दुपारी आम्ही दोघा भावांनी ते एकमेकांबद्दल भरले.

भावाने आम्हाला काटेकोरपणात पाचपैकी चार दिले, एवढे आम्हीही स्वतःला दिले नसते. "दुसऱ्याचे ऐकून घेतो" या ओळीपुढे एक लिहिला होता. खरेदी आता पुन्हा त्याच्याकडे आहे. तो कागद गल्ल्याच्या खणात, पावतीबुकांच्या खाली ठेवलेला आहे.