नव्या फोनाची निवड व जुन्या लॅपटॉपचा निरोप

कवठे महांकाळच्या बाजारपेठेत शिक्षक नवा फोन पाहावयास जातात, तेव्हा प्रथम कानी पडतात ते कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल. आकडा मोठा तेवढे चित्र उत्तम, ही समजूत बरोबर नव्हे. ५० मेगापिक्सेलचे पुष्कळसे कॅमेरे शेजारचे चार बिंदू एकत्र करून सुमारे १२.५ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात. चित्राची प्रत संवेदकाचे आकारमान, भिंग आणि प्रकाश यांवर अवलंबून असते.

मग तुलना कशी करावी? फोनाकडून घ्यावयाची कामे प्रथम कागदावर लिहावीत : दीक्षा अ‍ॅपवरील पाठ दाखविणे, ऑनलाइन माहिती भरणे, घरचे व्यवहार करणे. मग प्रत्येक कामापुढे दोन्ही फोन ताडून पाहावेत.

यात सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हा प्रश्न मुख्य होय. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी व सॅमसंगने २०२४ साली गॅलक्सी एस २४ साठी ७ वर्षांची मुदत जाहीर केली. स्वस्त फोनांस ती बहुधा कमी असते. यास्तव किमतीस मुदतीने भागावे. १२,००० रुपयांचा फोन ३ वर्षे चालला तर वर्षाचा खर्च ४,००० रुपये. १८,००० रुपयांचा ६ वर्षे चालला तर ३,००० रुपये. त्रैराशिक शिकविणाऱ्यास हा हिशेब अवघड नाही.

पडदा दुकानातील दिव्याखाली न पाहता बाहेरच्या उन्हात पाहावा. तालुक्याच्या गावी ज्या सिमकार्डास चांगली रेंज मिळते, त्यास नागज वा ढालगावकडील वस्तीवर ती मिळेलच असे नाही. ते शाळेच्या गावीच तपासावे. वापरलेला फोन घ्यावयाचा असल्यास *#०६# दाबून येणारा १५ अंकी क्रमांक ‘संचार साथी’वर पडताळावा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडत नाही.

आता जुन्या लॅपटॉपविषयी. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य बंद झाले. तथापि तेवढ्यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. सुस्थितीत असल्यास त्यावर लिनक्स प्रणाली घालून ते पुढे वापरता येते.

ते देऊनच टाकावयाचे असल्यास मात्र सावध असावे. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतील ओळ खोडली, तरी धडा आतच राहतो. फाइल पुसण्याचे तसेच आहे. नोंद जाते, मजकूर चकतीवर राहू शकतो. त्यात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक असतील, शिष्यवृत्तीची बँक खाती असतील. म्हणून आवश्यक तेवढे अन्यत्र उतरवून घ्यावे, सर्व खात्यांतून बाहेर पडावे, आणि रीसेट करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ हा पर्यायही चालू करावा. यंत्र सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून आपल्याकडे ठेवावी.

फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. ती पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राच्या मार्गानेच गेले पाहिजे. भंगारवाल्याकडे वा उकिरड्यावर नव्हे. लॅपटॉप शाळेचा असल्यास तो डेडस्टॉक नोंदवहीत आहे, हे विसरू नये. रीतसर निर्लेखन झाल्यावाचून तो कोणास देता येत नाही.

यंत्र जुने होते, पण पालकांनी विश्वासाने दिलेली मुलांची माहिती जुनी होत नाही. ती ठेव सांभाळूनच यंत्रास निरोप द्यावा.