करवंदं खाऊन झाली? बिया फेकू नका. जाळी लावायची हीच वेळ

कसारा, माथेरान, महाबळेश्वरच्या रस्त्यांवर पानांच्या द्रोणात मिळणारी ‘डोंगरची काळी मैना’ आजही बहुतांश रानातूनच येते. आदिवासी महिला काट्यांत हात घालून ती तोडून आणतात. मात्र प्लॉटिंग, रस्ते आणि वणव्यांत या जाळ्या नाहीशा होत आहेत. मग शेताच्या बांधावर करवंद लावता येईल का? येईल. पण बहुतेकांचं गणित वेळेत चुकतं.

करवंदाच्या बिया भाजीच्या बियांसारख्या पाकिटात ठेवून पुढच्या वर्षी पेरता येत नाहीत. त्यांची उगवणक्षमता झपाट्याने कमी होते. पिकलेल्या फळातल्या बिया धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेराव्यात. वर्षभर वाढलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावं. रानातली जाळी उपटून आणण्याचा शॉर्टकट नकोच. खडकात खोल गेलेली मुळं तुटतात, रोप जगत नाही आणि डोंगरावरची एक जाळी कमी होते ती वेगळीच.

‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ आठवतो? फळ आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. बियांपासूनच्या लागवडीतही असाच जुगार असतो. फळाचा आकार, गोडी मूळ झाडासारखी येईलच असं नाही. एकसारखं फळ हवं असेल, तर गुटी कलमाचं रोप घ्यावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ ही जात दिली आहे.

भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा, एवढंच या सदाहरित झुडपाला लागतं. मुरमाड जमीनही चालते. पाणी साचलेलं मात्र चालत नाही. कुंपणासाठी साधारण एक मीटरवर एक रोप पुरतं. काटे इतके दणकट की गुरं आत शिरत नाहीत. बियांच्या रोपांना साधारण तिसऱ्या वर्षापासून फळं येऊ लागतात.

छाटणीत मात्र सांभाळा. जाईसारखी पांढरी, सुवासिक फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून हिवाळ्यात कात्री चालवली, तर त्या हंगामाची फळं गेलीच. छाटणी करायची ती फळं उतरल्यावर.

विक्रीचा विचार असेल तर गिऱ्हाईक आधी शोधा. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, लांबच्या बाजारात टिकत नाही. कच्ची, चिकाची फळं लोणच्याला जातात. पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही उत्तम जमते.