राखणीसाठी आणलेले पिल्लू

२०२३ च्या दिवाळीत आमच्या पुतण्याने सांगलीतील बेदाण्याच्या गोदामाच्या राखणीसाठी पिटबुल टेरियर जातीचे पिल्लू विकत आणले. वय अवघे दीड महिना. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कर्जाचा अर्ज पुढे आला की रकमेआधी मुदत पाहण्याची सवय. मी म्हणालो, "अरे, हा बारा ते पंधरा वर्षांचा व्यवहार आहे. हप्ते कोण भरणार?" तो हसून म्हणाला, "काका, त्यात काय भरायचंय? दारात बांधलं की झालं."

ही जात मुळात इंग्लंडमधील. वळूवर कुत्री सोडण्याचा खेळ तेथे १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या आणि त्यासाठी बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून ही कुत्री पैदा केली. 'पिट' म्हणजे झुंजीचा आखाडा. या प्राण्याची ताकद आणि चिकाटी माणसाच्या क्रूर करमणुकीतून आलेली आहे. ती योग्य वळणाला लावण्याची जबाबदारीही माणसाचीच.

पिल्लाच्या आयुष्यातील तिसरा ते चौदावा आठवडा हा काळ सर्वांत मोलाचा. या दिवसांत जी माणसे, मुले, वाहने, आवाज ते निर्भयपणे अनुभवते, त्यांची भीती पुढे त्याला वाटत नाही. दात किती जोराने लावावेत, हे ते आई व भावंडांत खेळतानाच शिकते. म्हणूनच आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. आमचा शेरू त्याआधीच आईपासून तुटला आणि उरलेले मोलाचे दिवस त्याने साखळीला बांधून काढले.

मार्चमध्ये त्याने एका हमालाच्या पोटरीला चावा घेतला. जखम तत्काळ साबणाच्या पाण्याने धुतली, रेबीजच्या लशी दिल्या. उपचारखर्च व बुडालेली मजुरी पुतण्याने भरली. त्याच महिन्यात, १२ मार्च २०२४ रोजी, केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुलसह २३ जातींची विक्री व पैदास थांबवावी आणि पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे राज्यांना कळविले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केले. तथापि आमच्या घरात धास्ती बसली होती. पुतण्या शेरूला हायवेवर सोडून यायला निघाला. सूनबाईंनी त्याला दारातच अडविले. पाळलेला प्राणी असा सोडून देणे आणि त्याला आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे, हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत.

पशुवैद्यांनी मग पहिल्यापासून घडी बसवून दिली. निर्बीजीकरण झाले. सकाळ-संध्याकाळ फिरणे सुरू झाले. मारणे बंद, चांगल्या वागणुकीला लगेच खाऊ. पार्व्हो व डिस्टेम्परच्या लशी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावयास हवी होती. राहिलेल्या लशी पूर्ण केल्या. या जातीचे केस आखूड असतात आणि त्वचेचे विकार वारंवार होतात, म्हणून अंगावरचे चट्टे रोज पाहावे लागतात.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत विशेष नाजूक. कुत्र्याला धान्य व कडधान्ये पचतात, त्यामुळे शाकाहारावर ते राहू शकते. परंतु वाढत्या पिल्लाला नुसती दूध-पोळी पुरत नाही. प्रथिने व कॅल्शियम यांचे प्रमाण पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावे. कांदा-लसूण त्याला विषारी. ते आपल्या स्वयंपाकघरात नसतातच. मात्र द्राक्षे, मनुका आणि बेदाणा यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. ज्या मालाच्या राखणीला त्याला बांधले होते, तोच माल त्याला घातक होता, हे आम्हांला तेव्हा कळले!

आज शेरू घरात राहतो. बाहेर नेताना पट्टा व मुसके असते, नेणारा प्रौढ माणूसच असतो आणि लहान मुलांजवळ त्याला एकटे सोडले जात नाही. गोदामाला रखवालदार नेमला आहे.

आपल्यापैकी कोणी असे पिल्लू आणण्याच्या विचारात असेल, तर आधी आपल्या महापालिकेचा नियम पाहावा, मग घरातील कोणाजवळ रोज दोन तास आहेत, ते पाहावे. आणि हेतू केवळ राखणीचा असेल, तर माझ्यापुरता तो अर्ज नामंजूर.