टाटाच्या वाटेवरचा मेणाचा तुकडा

नांदेड किंवा लातूरहून मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात निघालेल्या माणसांच्या पिशवीत केसपेपर, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स यांच्याबरोबर दीड इंचाची एक प्लास्टिकची चौकट असते. तिच्यात मेण असतं आणि मेणात गाठीचा तुकडा. सगळे त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. ‘ब्लॉक-स्लाइड हरवू नका’ असं निघताना बजावलेलं असतं, पण त्या तुकड्यात एवढं काय आहे हे सहसा कुणी सांगत नाही.

गालातून किंवा स्तनातून काढलेला नमुना आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात आणि वितळलेल्या पॅराफिनमध्ये तो बसवतात. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट पाहतात. कर्करोग आहे का, कुठल्या प्रकारचा आहे, हे त्यातून कळतं. पण एकाच प्रकारचा कर्करोग असलेल्या दोघांपैकी एकाला गोळी लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, याचं कारण पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते पेशींच्या डीएनएत असतं.

ब्लॉकमधून काढलेल्या डीएनएचे कोट्यवधी छोटे तुकडे यंत्र वाचतं. एकेक तुकडा साधारण दीडशे अक्षरांचा, आणि माणसाचा सगळा जनुकसंच तीनशे कोटी अक्षरांचा. कुठला तुकडा कुठे बसतो हे संगणक ठरवतो आणि प्रमाण मानलेल्या जनुकसंचापेक्षा वेगळं काय सापडलं याची यादी करतो. खरी अडचण इथून पुढे आहे. कुणाही निरोगी माणसाचा जनुकसंच त्या प्रमाणापेक्षा चाळीस-पन्नास लाख ठिकाणी वेगळा असतो. हे वेगळेपण जन्मजात, त्याचा रोगाशी बहुधा काही संबंध नसतो. गाठीत नव्याने झालेले बदल त्या मानाने मोजके, आणि त्यातलेही बरेचसे निरुपद्रवी. डाळ निवडणाऱ्या बाईला खडा चटकन दिसतो, कारण डाळ कशी असते हे तिच्या नजरेत बसलेलं असतं. संगणकाची नजर मात्र नोंदींवर तयार होते, आणि कुणाच्या नोंदींवर, यावर सगळं अवलंबून आहे.

जगातल्या जनुकीय नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे. म्हणून आपल्याकडे सर्रास आढळणारा एखादा जन्मजात फरकही गाठीतला बदल वाटू शकतो. रुग्णाच्या रक्तातला डीएनए सोबत वाचला तर वजाबाकी सोपी होते, पण खर्च वाढतो. अनेकदा एकटी गाठच तपासली जाते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथे अमित दत्त यांच्या गटाने २०१६ मध्ये ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांमधले १,१४,३०९ जन्मजात फरक गोळा करून सगळ्यांसाठी खुले केले. आंतरराष्ट्रीय नोंदी वजा केल्यावर जे संशयित बदल उरत होते, त्यांतले जिभेच्या कर्करोगात ४२ टक्के, पित्ताशयाच्या ३३ आणि गर्भाशयमुखाच्या २८ टक्के या नव्या यादीमुळे बाद झाले. अवघ्या ६२ माणसांमुळे! मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण चुकीच्या बदलामागे लागून दिलेलं महागडं औषध म्हणजे घरातलं सोनंनाणं, एखाद्याचं शेत.

वाचन बरोबर आलं तर काय हाती लागतं, हे फुप्फुसाच्या कर्करोगात स्वच्छ दिसतं. टाटाच्याच ९०७ भारतीय रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के जणांत ‘ईजीएफआर’ जनुकातला बदल सापडला. गोऱ्या लोकांत हे प्रमाण यापेक्षा कमी आणि पूर्व आशियात बरंच जास्त असतं. बदल असेल तर सलाइनमधल्या केमोऐवजी जेफिटिनिबसारख्या गोळीने उपचार सुरू करता येतात. मुखेडच्या किंवा निलंग्याच्या रुग्णाला गोळ्या घेऊन गावी परतता येतं, ही साधी सोय नव्हे.

मराठवाड्याचा मोठा प्रश्न मात्र तोंडाच्या कर्करोगाचा आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी चुना लावून मळलेली तंबाखू आणि मिश्री सुटलेली नाही. गाल-हिरडीच्या याच कर्करोगाचा जनुकीय नकाशा पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी मिळून २०१३ मध्ये मांडला. ‘टीपी५३’, ‘एफएटी१’, ‘सीएएसपी८’ ही आधीच ठाऊक असलेली जनुकं त्यात होती, शिवाय ‘यूएसपी९एक्स’, ‘एआरआयडी२’ यांसारखी काही नव्याने कळलेली. यातली बहुतेक जनुकं पेशीची बेसुमार वाढ रोखणारी आहेत, आणि ती निकामी झालेली असतात. जास्त काम करणारं प्रथिन औषधाने बंद पाडता येतं. जनुक निकामी झाल्यामुळे तयारच न होणारं प्रथिन परत आणणं फार अवघड. म्हणून तोंडाच्या कर्करोगात जनुकं वाचून नेमकी गोळी देण्याचे दिवस अजून आलेले नाहीत, आणि कुणी तसं सांगून हजारोंची तपासणी गळ्यात मारत असेल तर ‘या निकालाने माझे उपचार बदलतील का?’ असं सरळ विचारावं.

डीएनएची तपासणी खेड्यात नेऊन काय साधतं, हे लातूरच्या शेजारीच सिद्ध झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होतं. इथे वाचायचा होता तो गाठीचा नव्हे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए. ही तपासणी एकदाच मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा आधार आज जगभर घेतला जातो, हेही तितकंच खरं.

पुन्हा जन्मजात फरकांच्या नोंदींकडे वळायचं तर, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतच होत आल्याने जगात दुर्मीळ असलेला फरक एखाद्या समाजात नेहमीचा असू शकतो. बंजारा, हटकर, मराठा, लिंगायत, बौद्ध, मुसलमान अशा इथल्या सगळ्या समाजांच्या नोंदी, त्यांच्या भाषेत समजावून घेतलेल्या संमतीने, व्हायला हव्यात. मुंबईला पोचलेल्या रुग्णांवरून मराठवाड्याचा अंदाज बांधणं पुरेसं नाही.

आणि एक काम तर आजच करता येईल. फॉर्मॅलिनमुळे डीएनएतल्या ‘सी’ अक्षराचा बदल होऊन तिथे ‘टी’ वाचला जातो. नमुना त्यात गरजेपेक्षा जास्त राहिला तर डीएनएचे तुकडेही पडतात. स्तनाच्या नमुन्यांसाठी सहा ते बहात्तर तास ही मान्य मर्यादा आहे. शनिवारी संध्याकाळी तालुक्याला काढलेला नमुना बुधवारी प्रयोगशाळेत पोचला, तर ती उलटून गेलेली असते. पुढे कितीही चांगली संगणकप्रणाली असली तरी गेलेला डीएनए तिला परत आणता येत नाही. बायोप्सीच्या फॉर्मवर नमुना फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकला याची तारीख आणि वेळ लिहायला एक ओळ पुरते. नांदेड-लातूरच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ती ओळ भरली जावी, आणि नातेवाइकांनी ब्लॉक ताब्यात घेताना ती भरली आहे का हे पाहून घ्यावं.