कात्रणवहीतील लोकमत

राज्य चालवावयाचे तर लोक काय बोलतात तेही ऐकावे लागते, ही जाण आपल्याकडे वृत्तपत्रांच्या पुष्कळ आधीपासून आहे. मोगल दरबारचे वाकेनवीस, छावण्याछावण्यांतून फिरणारे हरकारे आणि दिल्लीस राहून पुण्यास पत्रे लिहिणारे हिंगण्यांसारखे वकील यांची बातमीपत्रे व अखबार चाळले, म्हणजे कोणाच्या फौजेने कोठे मुक्काम केला या खबरेइतकीच बाजारात कोणती आवई उठली आहे ही खबरही मोलाची मानली जात असे, हे ध्यानात येते. परंतु ती खबर एका चाकराने एका धन्यास लिहिलेली असे. छापखाने वाढले, वर्तमानपत्रे घरोघर जाऊ लागली आणि लोकांचे बोलणे उघड्या कागदावर उतरू लागले, तेव्हा या ऐकण्याचाच एक धंदा झाला. पॅरिसमध्ये १८७९ साली ‘आर्गस द ला प्रेस’ आणि लंडनमध्ये १८८१ साली हेन्री रोमाइक यांची कात्रणसंस्था निघाली. नट, चित्रकार, व्यापारी व मुत्सद्दी वर्गणी भरून आपल्या नावाची कात्रणे मागवू लागले. आजच्या कंपन्यांच्या जनसंपर्क खात्यांत ‘मीडिया मॉनिटरिंग’ या नावाने जे काम चालते, त्याचा वंशवृक्ष येथवर मागे नेता येतो.

आपल्या मुंबई इलाख्यात मात्र हे काम सरकारने याही आधी हाती घेतले होते. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्रजी राज्यकर्त्यांनी देशी पत्रांत काय छापून येते ते नियमाने वाचण्याची व्यवस्था पुढच्या दशकात केली, आणि मुंबईत ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या नावाचा गोपनीय साप्ताहिक अहवाल छापला जाऊ लागला. मराठी, गुजराती, कानडी, उर्दू, सिंधी अशा नाना भाषांतील पत्रांचे उतारे व सारांश इंग्रजीत करून ते सचिवालयातील मोजक्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले जात. अहवालासोबत पत्रांची यादी असे. पत्राचे नाव, गाव, खप आणि त्याबरोबर संपादकाचे नाव, जात व वय. संपादकाचे वय किती हे ठाऊक असून त्याच्या म्हणण्याचे वजन किती हे ठाऊक नसणे शक्य आहे, याचा यासारखा नमुना दुसरा सापडणे कठीण. मुंबईत काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात हे अहवाल आजही पाहावयास मिळतात, आणि आपल्या विषयाचा पहिला धडा शिकावयाचा तर तो त्यांतूनच शिकावा असे माझे मत आहे.

तो धडा १८९७ सालचा. मुंबईत प्लेग सुरू होऊन काही महिने झाले होते, पुण्यास तो पोहोचला होता, फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला होता आणि पुण्याच्या प्लेग समितीची सूत्रे रँडसाहेबांकडे आली होती. गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती, रुग्णांची जबरदस्तीने छावणीत रवानगी, चीजवस्तूंची जाळपोळ, देवघरापर्यंत जाणारे बूट आणि स्त्रियांच्या मर्यादेचा भंग, या तक्रारींनी त्या वसंतात पुण्याची पत्रे भरून गेली होती. ‘केसरी’ व ‘मराठा’ तर लिहीतच होते. लहानसहान पत्रेही गप्प नव्हती. हे सर्व सरकारास ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ते भाषांतर होऊन, क्रमांक पडून, दर आठवड्यास मेजावर येत होते. उणीव होती ती वाचण्याच्या हेतूत. मजकूर राजनिष्ठ की राजद्रोही, या एकाच चाळणीतून तो गाळला जाई. झडतीची रीत बदलावी काय, सोजिरांऐवजी स्थानिक मंडळी नेमावीत काय, हा प्रश्न त्या चाळणीतून खालीच पडत नसे. २२ जून रोजी गणेशखिंडीत रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैत ‘केसरी’चे संपादक टिळक यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि सप्टेंबरात दीड वर्षाची सक्तमजुरी. त्या खटल्यात सरकारच्या वतीने फिर्याद गुदरणारे गृहस्थ होते मिर्झा अब्बास अली बेग, सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर. ज्या कचेरीकडे प्रजेचे गाऱ्हाणे इंग्रजीत आणण्याचे काम होते, त्याच कचेरीच्या प्रमुखाने गाऱ्हाणे छापणाऱ्यावर फिर्याद द्यावी, हा योग केवळ कायद्याच्या सोयीतून आला असेल. पण त्या सगळ्या यंत्रणेचा स्वभाव त्यात उघडा पडतो.

विसाव्या शतकात हीच कात्रणे सरकारी कपाटांतून उद्योगधंद्यांच्या कचेऱ्यांत गेली, आणि १९८२ सालच्या टायलेनॉल प्रकरणाने तेथे एक निराळा पाठ घालून दिला. शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या, सायनाइड मिसळलेल्या कॅप्सुलांनी सात माणसे मरण पावली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीस पहिली कुणकुण लागली ती स्वतःच्या कारखान्यातून नव्हे, तर एका शिकागोच्या बातमीदाराने फोन करून चौकशी केली त्यावरून. पुढे त्या प्रकरणाची कात्रणे लाखाच्या वर गेली. परंतु कंपनीचे अध्यक्ष जेम्स बर्क यांनी कात्रणांचा ढीग मोजत बसण्याऐवजी त्यांतला एकच प्रश्न उचलला: लोक या बाटलीस भीत आहेत काय? उत्तर उघड होते. सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेण्यात आल्या आणि पुढे उघडल्यास लगेच कळून येईल अशी तिहेरी बंदिस्ती करून औषध पुन्हा बाजारात आले. दोष कंपनीचा नव्हता हे सिद्ध करण्यात तिने पहिले दिवस घालविले नाहीत.

आपल्याकडे असा प्रसंग आला तो दिवाळीच्या तोंडावर. २००३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅडबरीच्या डेअरी मिल्क वड्यांत अळ्या सापडल्याचे जाहीर केले. मिठाईऐवजी चॉकलेटचा पुडा देण्याची चाल नुकती कोठे मध्यमवर्गात रुजत होती, आणि तोच सणाचा महिना. कंपनीचे पहिले म्हणणे असे की कारखान्यात हे होणे शक्य नाही, दुकानदाराच्या साठवणुकीत दोष असावा. त्यावर प्रशासनाचा सवाल आला की मग तुमच्या वेष्टनाचे काय? हा सवाल जितका साधा तितकाच अडचणीचा होता, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने कारखाना, गोदाम व दुकान हे तीन निराळे पक्ष नसतात. त्याच्या हातात एकच वडी असते. विक्री सुमारे तीस टक्क्यांनी खाली आली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. नंतर मात्र कंपनी शहाणी झाली. ‘विश्वास’ नावाच्या उपक्रमाखाली सुमारे १,९०,००० दुकानदारांपर्यंत ती साठवणुकीची माहिती घेऊन पोहोचली, २००४ च्या आरंभी नवे, उष्णतेने घट्ट बंद होणारे वेष्टन आणले आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी वेष्टन, मग अमिताभ. पुष्कळ संस्था तो उलटा करतात.

नेस्लेच्या मॅगी नूडल्सचे प्रकरण याहून खर्चिक. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यात शिसे प्रमाणाबाहेर, म्हणजे दशलक्ष भागांत २.५ ही मर्यादा असता १७.२ भाग, आढळल्याचे २०१५ च्या मे महिन्यात गाजू लागले. वाद आरंभी त्या प्रांतातील देशी पत्रांत होता. दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पत्रांत व दूरचित्रवाणीवर तो भडकला तो नंतर. आमचा माल सुरक्षित आहे व परत घेण्याचा हुकूम आम्हांस नाही, एवढेच नेस्लेकडून सांगितले जात होते, आणि तेही खाली मान घालून. ५ जून रोजी बंदीचा हुकूम निघाला. कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के यांनी दिल्लीत येऊन माल मागे घेत असल्याचे जाहीर केले खरे, पण तोवर एका राज्यामागून एक राज्य बंदी घालीत सुटले होते. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली, फेरतपासणीत नमुने निर्दोष निघाले आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानांत परतली. म्हणजे न्यायालयात जी कंपनी जिंकली, तीच बाजारात पाच महिने हरलेली होती. आपली बाजू खरी असूनही गप्प राहण्याचे मोल किती पडते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

आता कात्री-डिंक गेले आणि यंत्र आले. ठरावीक शब्द देऊन ठेवले की संगणक हजारो पत्रे, वाहिन्या व समाजमाध्यमे चाळतो आणि मजकूर अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ याचा रंगीत तक्ता मांडतो. इंग्रजीत हे बरे चालते. मराठीत मात्र शब्द विभक्तीने रूप पालटतो. एखाद्या दूध संघाने ‘दूध’ एवढाच शब्द शोधावयास सांगितला, तर ‘दुधाला वास येतोय’ ही गिऱ्हाइकाची खरी तक्रार निसटून जाऊ शकते, कारण तिथे दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. रोमन लिपीत बोटांनी भराभर टाइप केलेली मराठी तर आणखी निराळी. तिरकस बोलण्याची गत याहून वाईट. ‘वा, आज वीज चक्क सहा तास होती, उपकार फेडायचे कसे!’ असे तालुक्याच्या गावच्या माणसाने लिहिले की यंत्र ते कौतुकाच्या सदरात जमा करण्याचा संभव फार. ज्याने अशा गावात उन्हाळा काढला आहे असा एखादा कारकून हे एका दृष्टीत ओळखील.

आणि जेथे यंत्रालाच प्रवेश नाही तेथे काय? व्हॉट्सॲपवरील निरोप पाठविणाऱ्या व घेणाऱ्यावाचून कोणास वाचता येत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच भटक्या माणसांचा जमावाने जीव घेतला. ती अफवा कोणत्याही तक्त्यावर लाल रंगात उमटण्याची वाट पाहणे व्यर्थ होते; ती कानी पडावयाची तर आठवडी बाजारात, शाळेच्या फाटकाशी, पोलीस पाटलाच्या ओसरीवर.

आपल्या शासनाच्या माहिती खात्याची जुनी पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जिल्हा माहिती कार्यालयात सकाळी स्थानिक आवृत्त्या येतात, बातम्या कापून कोऱ्या कागदावर डकवितात, वर पत्राचे नाव, तारीख व पान लिहितात, विभागवार गठ्ठे होतात. अलीकडे कागदाची जागा मोबाइलवरच्या चित्राने घेतली आहे. कात्रण संबंधित खात्याकडे ‘अभिप्रायार्थ’ जाते. येथवर सर्व चोख. मग काही दिवसांनी खुलासा येतो की सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही. रस्त्यावरचा खड्डा मात्र वस्तुस्थितीला धरून तसाच राहतो, आणि कात्रणावर ‘निकाली’ असा शेरा पडतो. खासगी क्षेत्राने हसण्याचे कारण नाही. तेथे बातमीने व्यापलेली जागा जाहिरातीच्या दराने गुणून तिला यशाचा आकडा समजण्याची रीत अद्याप आहे, जरी या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय मंडळींनी २०१० साली बार्सिलोना येथे ती निकामी ठरविली.

सहकारी बँका, दूध संघ, इस्पितळे, शिक्षणसंस्था, सगळ्यांच्याच दारात आज कात्रणसेवा विकणारे उभे आहेत. सेवा अवश्य घ्यावी. परंतु संचालक मंडळींनी करारावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात: तालुक्याची मराठी समजणारा एक माणूस हे सर्व रोज वाचील, आणि त्यास मधल्या साहेबांना न विचारता थेट अध्यक्षांच्या खोलीत जाता येईल. वर्षअखेरच्या सभेत सभासदांनीही किती कात्रणे जमली हे विचारू नये. त्यांतल्या कोणत्या तक्रारी दूर झाल्या, त्यांची यादी मागावी.