हर्नियाचे अंदाजपत्रक : वाचावे कसे आणि विचारावे काय?

भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या माझ्या थोरल्या मेहुण्यांना जांघेत हर्निया होता. उभे राहिले की फुगवटा दिसे, आडवे झाले की मावळे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती, खर्चाचे अंदाजपत्रकही दिले होते. परंतु आधी लग्नसराई, मग दिवाळीचा हंगाम असे करीत दोन वर्षे गेली. एका पहाटे फुगवटा आत जाईना, वेदना असह्य झाल्या, उलट्या सुरू झाल्या. आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा थांबला होता. तातडीच्या शस्त्रक्रियेत आतड्याचा काही भाग काढावा लागला. जीव वाचला, पण बिल पहिल्या अंदाजाच्या तिप्पट झाले आणि पेढी दीड महिना मुलाच्या एकट्याच्या अंगावर पडली. घरी आल्यावर मेहुण्यांनी गल्ल्याच्या खणातून ते जुने अंदाजपत्रक काढून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "हे मला कधी नीट वाचताच आले नाही."

पुढच्याच वर्षी मलाही हाच विकार जडला. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात माझी नोकरी गेली असल्याने नाशकातील दोन रुग्णालयांची अंदाजपत्रके मी शेजारी ठेवून वाचली. आकड्यांत जवळजवळ दुपटीचे अंतर होते. त्या अंतराचा शोध घेताना जे कळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

खर्चाची मुख्य कलमे चार : शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोलीभाडे, आणि जाळी. सर्वांत मोठा फरक पद्धतीमुळे पडतो. उघड्या पद्धतीत जांघेवर छेद देऊन पोटाच्या भिंतीवर जाळी बसवितात. ती केवळ जागेवर भूल देऊनही करता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत सहसा संपूर्ण भूल द्यावी लागते आणि उपकरणे महाग असतात. वेदना कमी होतात, कामावर लवकर परतता येते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा पूर्वीचा उलटला असेल, तर तिचा विशेष उपयोग होतो. एका बाजूच्या साध्या हर्नियासाठी मात्र उघडी पद्धतही प्रमाणित व विश्वसनीय आहे. माझ्या दोन अंदाजपत्रकांतील अंतराचे मुख्य कारण हेच होते.

दुसरे कारण जाळीचे. याबाबत आपल्याच खानदेशातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी, महागडी जाळी न परवडणाऱ्या रुग्णांसाठी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष शल्यशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर हर्निया उलटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर रुग्णाच्याच स्नायूवरील पडद्याची पट्टी वापरून, जाळीविना दुरुस्तीची पद्धत विकसित केली. आपण मच्छरदाणीचा आग्रह धरावा असा याचा अर्थ नव्हे. जाळी महाग म्हणजे दुरुस्ती अधिक पक्की, हे समीकरण मात्र खरे नाही. म्हणून जाळीचा प्रकार आणि किंमत स्वतंत्रपणे लिहून मागावी.

आता विम्याकडे वळू. बहुतेक पॉलिसींत हर्नियासाठी साधारण दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. सूज दिसल्यावर घेतलेली पॉलिसी लगेच उपयोगी पडत नाही. दुसरा फटका खोलीभाड्याचा. समजा, पॉलिसीत दररोज ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि आपण ८,००० रुपयांची खोली दोन दिवस घेतली. आपल्याला वाटते, भुर्दंड ६,००० रुपयांचा. परंतु खोलीनुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयांत, पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असल्यास, डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियागृहाचे भाडेही पाच-अष्टमांशच मंजूर होते. ते ६४,००० रुपये असेल तर मिळतील ४०,०००. म्हणजे २४,००० आणि वरचे ६,०००, असे एकूण ३०,००० रुपये आपल्या खिशातून! औषधे, तपासण्या आणि जाळी यांना ही कपात लागू नाही, हे ध्यानी ठेवावे. शिवाय अतिदक्षता विभाग वगळता ५,००० रुपयांहून अधिक दैनिक भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे.

कॅशलेस सुविधेसाठी विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने पहिली मंजुरी एका तासात आणि सुट्टीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाचा खर्च वाढला, तर तो कंपनीने सोसावयाचा आहे.

पेढीवरील मुनीम, हमाल, घरकामाच्या मावशी यांचाही विचार आपणच करावयाचा. पोती उचलणाऱ्या माणसाला हा विकार आपल्याहून अधिक छळतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. आपल्या माणसाला चिठ्ठी देऊन पाठविण्याऐवजी कोणीतरी सोबत जावे. कागदपत्रांपाशीच तो बहुधा अडतो.

दाखल होण्यापूर्वी हे प्रश्न लेखी विचारावेत :
१. पद्धत कोणती आणि माझ्या बाबतीत तीच का?
२. जाळी कोणती व किंमत किती?
३. अंदाजपत्रकात भूल, औषधे, तपासण्या व पुढील भेटी धरल्या आहेत काय?
४. मुक्काम वाढल्यास रोजचा खर्च किती?
५. हातमोजे, मास्क यांसारख्या, विम्यात सहसा न बसणाऱ्या वस्तूंचे किती होतील?

कामाचे बुडीत दिवसही हिशेबात धरावेत. हलके बसकाम आठ-पंधरा दिवसांत सुरू होते. वजन उचलणे मात्र चार ते सहा आठवडे टाळावे लागते. त्रास अगदी नगण्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबताही येते. तो निर्णय डॉक्टरांचा, हंगामाचा नव्हे. पण फुगवटा कडक झाला, आत जाईनासा झाला, वेदना वा उलट्या सुरू झाल्या, तर एकही प्रश्न न विचारता रुग्णालय गाठावे.

मी उघडी पद्धत आणि मर्यादेत बसणारी खोली निवडली. दुसऱ्या दिवशी घरी आलो. मेहुणे भेटीस आले, त्यांनी माझे बिल ओळीओळीने वाचले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या पेढीवरील जुन्या हमालाला स्वतः तपासणीस घेऊन गेले.